ओट्यावरची छोटी भट्टी

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. मगरिबला दहा मिनिटे बाकी होती. दस्तरखानवर खजूर, कलिंगड, चण्याची चाट आणि कढईतून नुकतेच उतरवलेले पट्टी समोसे होते. अम्मींच्या ताटलीत मात्र एक खजूर, पपईच्या चार फोडी आणि उकडलेले चणे. त्याच हिवाळ्यात त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. साखरेचा आजार आधीपासूनच होता. रोजे ठेवू नका, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि तळलेले पदार्थ पूर्ण बंद केले होते. तरी इफ्तारला त्या आमच्यासोबत बसत. चाळीस वर्षे ज्या बाईने सगळ्या घराला समोसे तळून वाढले, ती आता समोशाच्या ताटाकडे पाठ होईल अशी बसू लागली. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “तुम्ही खा, मी आत नमाजची तयारी करते,” आणि उठून गेल्या.

त्या दिवशी आमच्या कुणाच्या घशाखाली समोसा उतरला नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तळण बंद केले. पण मुलांनी तीन दिवसांत तोंडे वाकडी केली आणि “माझ्यामुळे पोरांचं तोंड मारू नका” म्हणून अम्मीच रागावल्या. ईदनंतर आम्ही बोईसरच्या बाजारातून वीस लिटरचा छोटा विजेचा ओव्हन आणला. दुकानदार त्याला ओटीजी म्हणतात. अम्मींनी तो पाहिला आणि एकच शब्द बोलल्या, “भट्टी.” तेव्हापासून आमच्या घरात त्याचे नाव भट्टीच.

या दोन वर्षांत आम्ही त्यात काय शिजवले, काय करपवले, बिल किती आले आणि एकदा प्लग कसा जळाला, ते सगळे इथे सांगत आहोत. ज्यांच्या घरी असा ओव्हन आहे पण त्यावर मिक्सरचा डबा ठेवलेला आहे, त्यांना आणि जे घ्यावा की नको या विचारात आहेत, त्यांनाही याचा उपयोग होईल.

वर-खाली निखारे

आमच्या लहानपणी पालघर-बोईसर पट्ट्यात घरात ओव्हन नव्हते, पण भाजण्याची कला होती. बिर्याणीला दम देताना देगचीखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवत. ईदच्या आठ दिवस आधी रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून बायका बेकरीवर जात. तिथेच पीठ मळायचे, पत्र्यावर नानखटाई मांडायची आणि भट्टीतून आपला पत्रा येईपर्यंत थांबायचे. पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचे. ती नानखटाई पुढे महिनाभर पुरायची.

हा छोटा ओव्हन म्हणजे तेच वर-खालचे निखारे. आत वर आणि खाली विजेच्या सळ्या असतात. वीज लावली की त्या लाल होतात आणि पेटीतली हवा तापते. ठरवलेल्या अंशापर्यंत उष्णता पोचली की थर्मोस्टॅट सळ्या बंद करतो, हवा थोडी निवली की पुन्हा चालू करतो. मायक्रोवेव्हची गोष्ट वेगळी. तो अन्नातले पाणी हलवून अन्न गरम करतो, म्हणून त्यात पदार्थ खरपूस होत नाही आणि स्टील-ॲल्युमिनियमची भांडी चालत नाहीत. ओटीजीमध्ये मात्र स्टील, ॲल्युमिनियम, लोखंड, मातीचे भांडे सगळे चालते. प्लास्टिक अजिबात नको. काचेचे भांडे ओव्हनसाठी बनवलेले असेल तरच, आणि फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये कधीच नको, ते तडकते.

कोणती सळी कधी लावायची हे समजले की निम्मे काम झाले. केक, नानखटाई, चिकन, भाजलेल्या भाज्या यांना दोन्ही सळ्या. मासळी किंवा कबाबवर शेवटी रंग आणायचा तर फक्त वरची, तीही तीन-चार मिनिटे. आणि पदार्थ आत ठेवण्याआधी दहा मिनिटे ओव्हन रिकामा तापवून घ्यायचा. कढईतले तेल तापण्याआधी आपण भजी सोडत नाही, तसेच हे.

पहिल्याच आठवड्यात प्लग जळाला

आम्ही राहतो ते गाव विजेचे गाव म्हणायला हरकत नाही. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झाले, ते देशातले पहिले. पहिल्या दोन अणुभट्ट्यांनंतर २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांना आपली घरे सोडावी लागली. उत्तरेला डहाणूला औष्णिक केंद्र आहे. पण वीज दारात तयार होते म्हणून आपल्या घरातली वायरिंग चांगली असते असे नाही. ते आम्हाला महागात पडून कळले.

आमचा ओव्हन १३०० वॉटचा. २३० व्होल्टवर तो साधारण साडेपाच-पावणेसहा अँपिअर वीज ओढतो. मिक्सर लावतो त्या छोट्या सॉकेटची मर्यादा सहा अँपिअर. म्हणजे नवीन, घट्ट सॉकेट असेल तरी तो अगदी काठावर चालणार. आम्ही तर त्या जुन्या, ढिल्या सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड लावून ओव्हन जोडला. पंधराव्या मिनिटाला जळका वास आला. आम्हाला वाटले, चिकन लागले. पाहिले तर बोर्डचे प्लास्टिक वितळून प्लगला चिकटले होते. मुलगा त्याच ओट्याला टेकून उभा होता. अल्लाहने वाचवले. मेन स्विच बंद केला आणि त्या रात्री सगळ्यांनी डाळ-भात खाल्ला.

चूक ओव्हनची नव्हती, आमची होती. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून ओट्याजवळ सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट बसवून घेतला. त्याला मीटरच्या बोर्डापासून वेगळी, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि नीट अर्थिंग. हा खर्च ओव्हनच्या किमतीतच धरायला हवा. बोईसरमध्ये कामासाठी आलेली हजारो कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि अनेक ठिकाणी एका मीटरवर तीन-चार खोल्या असतात. तुमची खोली तशी असेल तर घरमालकाला विचारल्याशिवाय आणि वायरिंग तपासून घेतल्याशिवाय ओव्हन लावू नका. फ्रिज, इस्त्री, गीझर आणि ओव्हन एकाच वेळी चालवू नका.

रोजच्या जेवणात काय जमते

आम्हा दोघांपैकी एक जण औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करतो. दुसरी घर आणि शिलाई मशीन सांभाळते. दुसरी शिफ्ट रात्री अकराला सुटते. साडेअकराला माणूस घरी येतो तेव्हा गॅसपाशी उभे राहण्याचे त्राण कुणात नसते. अशा घरात या भट्टीचा खरा फायदा आहे तो हा, की पदार्थ आत ठेवून टायमर फिरवला की शिलाई चालू राहते, मुलाचा अभ्यास घेता येतो. टायमर संपला की ओव्हन आपोआप बंद होतो.

बांगडा. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा मासळी असते. सातपाटीचे पापलेट नावाजलेले, पण रोजच्या खिशाला बांगडाच परवडतो. बांगडा साफ करून दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा द्याव्यात. आले-लसूण, हळद, लाल मिरची, मीठ आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवावा. जाळीवर मांडून खाली ट्रे ठेवावा, म्हणजे रस ओव्हनमध्ये सांडत नाही. वरून चार बांगड्यांना मिळून एक चमचा तेल पुसावे. २०० अंशांवर १८ ते २० मिनिटे, मध्ये एकदा उलटून. शेवटी वरची सळी तीन मिनिटे. बांगड्याला स्वतःचे तेल असते, म्हणून तो कोरडा पडत नाही.

चिकनच्या तंगड्या. दही, आले-लसूण, गरम मसाला, मिरची आणि मीठ लावून तंगड्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे, अर्ध्या वेळाने उलटून. वरून रंग आला म्हणजे आत शिजले असे समजू नका. हाडाजवळ सुरी खुपसून पाहा, गुलाबी पाणी निघाले तर आणखी दहा मिनिटे ठेवा. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांनी आत ७४ अंश पाहावेत.

खिम्याचे कबाब. खिमा कोरडा असावा, नाहीतर कबाब पसरतात. भाजलेले बेसन दोन चमचे, बारीक कांदा घट्ट पिळून, कोथिंबीर, पुदिना आणि मसाला मळून लांबट कबाब वळावेत. २०० अंशांवर २० ते २५ मिनिटे. सळईची गरज नाही, ट्रेवर तेलाचा हात फिरवला की पुरते.

पट्टी समोसे. ज्यासाठी ओव्हन आणला ते हेच. पहिल्या दोन वेळा समोसे दगडासारखे झाले. नंतर अम्मींनीच खुर्चीवर बसून उपाय सांगितला: “पट्टी तव्यावर अर्धवट शेकून घे आणि तेल ब्रशने दोन्ही अंगांना लाव, ओतू नकोस.” बारा समोशांना दोन लहान चमचे तेल लागते. १९० अंशांवर १८ ते २० मिनिटे, एकदा उलटून. कढईतल्या समोशासारखे फोड त्यावर येत नाहीत. पण खाताना कुरकुरीत लागतात आणि बोटांना तेल लागत नाही. आत आम्ही बटाट्याऐवजी खिमा किंवा कोबी-गाजर भरतो.

वांगे, रताळी आणि कोनफळ. थंडीत आपल्या भागात उकडहंडीसाठी जी कंदमुळे बाजारात येतात, ती ओव्हनमध्ये फार छान भाजतात. रताळी सालासकट २०० अंशांवर ४५ मिनिटे. भरताचे वांगे २२० अंशांवर ४० मिनिटे, पण आधी काट्याने टोचून घ्यावे, नाहीतर आत फुटते आणि पुढचा अर्धा तास पुसण्यात जातो. धुराची चव ओव्हन देत नाही. ती हवी तर भरताच्या मधोमध वाटीत पेटता कोळसा ठेवून थेंबभर तूप टाकावे आणि पाच मिनिटे झाकण ठेवावे.

बिर्याणीचा दम. थर लावून झाले की भांड्याला फॉइल आणि झाकण घट्ट लावून १६० अंशांवर २५ मिनिटे. खाली लागत नाही, हे मोठे सुख. पण वीस लिटरच्या ओव्हनमध्ये चार-पाच जणांपुरतेच पसरट भांडे मावते. आधी पट्टीने उंची मोजा. आम्ही मसाला, तांदूळ सगळे थर लावून झाल्यावर पाहिले, तर देगची दारातून आत जाईना.

नानखटाई. दोन वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, पाव वाटी रवा, एक वाटी पिठीसाखर, लागेल तसे एक वाटीपर्यंत घट्ट तूप, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि वेलची-जायफळ. तूप आणि साखर आधी हलकी होईपर्यंत फेटावी, मग पीठ घालावे, पाणी नाही. १६० ते १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटे. गरम असताना मऊ लागतात, म्हणून कच्च्या समजून पुन्हा आत ढकलू नका, निवल्यावर खुसखुशीत होतात. केकमध्ये घालायच्या काही इसेन्समध्ये अल्कोहोल असते, तेव्हा बाटलीवरचे वाचून घ्यावे. वेलची-जायफळ असताना त्याची गरजही पडत नाही.

उरलेले अन्न. कालच्या पावांवर पाण्याचा हात फिरवून १५० अंशांवर पाच मिनिटे ठेवले की ते ताज्यासारखे होतात. अन्नाची नासाडी टळते, हे काही कमी नाही.

जे जमत नाही

भाकरी आणि चपातीला तवाच हवा, ओव्हनमध्ये त्यांचे पापड होतात. डाळ, भात, कालवण आणि चहा यांच्यासाठी ओव्हन वापरणे म्हणजे वीज फुकट घालवणे. ओल्या बोंबलांत पाणी फार असते. कितीही दाबून ठेवले तरी रवा लावलेल्या तळलेल्या बोंबलाची मजा इथे येत नाही, तो हट्ट आम्ही सोडून दिला. आणि सुके बोंबील बंद इमारतीत ओव्हनमध्ये भाजू नका. आम्ही भाजले. तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की एकतर खिडकी उघडा, नाहीतर आम्हालाही ताट वाढा. आम्ही दोन्ही केले.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ओव्हनमध्ये केले म्हणून पदार्थ औषध होत नाही. तेल कमी होते, हे खरे. पण मैदा मैदाच राहतो आणि साखर साखरच. नानखटाईतले तूप भट्टीत कुठे उडून जात नाही. अम्मींच्या वाट्याला नानखटाई अर्धी आणि तीही ईदलाच. ज्यांना हृदयाचा किंवा साखरेचा आजार आहे त्यांनी काय आणि किती खावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

बिलाचा हिशेब

“लाईट बिल किती येतं?” हा प्रश्न प्रत्येक पाहुणी विचारते. हिशेब सोपा आहे. १००० वॉटचे उपकरण तासभर अखंड चालले की एक युनिट. आमचा १३०० वॉटचा ओव्हन ४० मिनिटे अखंड चालला असता तर पाऊण युनिटाहून थोडे जास्त, म्हणजे ०.८७ युनिट लागले असते. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये सळ्या बंद करतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी लागते. महिन्यात वीस वेळा वापरला तरी सतरा-अठरा युनिटांच्या आतच. तुम्ही स्वतः मोजा: घरातले बाकी सगळे बंद करून आधीचे आणि नंतरचे मीटरचे आकडे लिहून घ्या.

मात्र महावितरणच्या बिलात टप्पे असतात. शंभर युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढे तीनशेपर्यंत दुसरा, मग पाचशेपर्यंत आणि त्याहून वर आणखी चढा. तुमचे बिल ९५ युनिटांवर थांबत असेल, तर ओव्हनची युनिटे पुढच्या टप्प्यात जातील आणि महाग पडतील. बिलाच्या मागच्या बाजूला दर छापलेले असतात, ते एकदा वाचाच.

आणि गॅस? एक किलो गॅसमध्ये साधारण बारा-तेरा युनिट विजेइतकी उष्णता असते. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये १८० युनिटांच्या आसपास. त्यातली निम्म्याहून थोडी अधिक भांड्यात जाते, बाकी स्वयंपाकघर तापवते. म्हणून सिलिंडरच्या किमतीला १०० ने भागा. जो आकडा येईल तो विजेच्या तुमच्या दराशी ताडून पाहा. बहुतेक घरांत दिसेल की ओव्हनने पैशांची मोठी बचत होत नाही. आमची बचत झाली ती तेलात. पूर्वी रमजानमध्ये पाच लिटरचा डबा पंधरा दिवसांत संपायचा, आता महिनाभर पुरून उरतो. आणि तळून उरलेले काळे तेल पुन्हा वापरायचे की फेकायचे, हा रोजचा वादही संपला.

विकत घेण्याआधी

दोघा-तिघांच्या घराला १६ ते २० लिटर पुरतो, पाच-सहा माणसे असतील तर २५ ते ३० लिटरचा पाहावा. अंश ठरवायची कळ, आपोआप बंद होणारा टायमर, वरची-खालची सळी वेगवेगळी लावण्याची सोय, एक जाळी, एक ट्रे आणि पकड एवढे असले की झाले. आयएसआयची खूण आणि वॉरंटी कार्ड पाहा. आमच्या अनुभवाने आणखी चार सूचना:

• ओव्हनच्या सर्व बाजूंना चार इंच जागा मोकळी ठेवा. पडदा, तेलाची बाटली, प्लास्टिकचे डबे जवळ नकोत. त्याच्या डोक्यावर काहीही ठेवू नका.
• नवीन ओव्हन पहिल्यांदा रिकामाच २०० अंशांवर १५ मिनिटे चालवा, खिडकी उघडी ठेवून. थोडा वास आणि धूर येतो, घाबरू नका.
• दाराची काच आणि वरचा पत्रा चांगलाच पोळतो. मुलांसाठी ओट्यावर एक रेघ आखून द्या. ओला हात आणि ओले फडके वापरू नका, ओल्या फडक्यातून वाफ हाताला भाजते.
• साफ करताना प्लग काढा आणि ओव्हन पूर्ण निवू द्या. ट्रेवर डाग असतील तर खायचा सोडा पाण्यात कालवून लावा. सळ्यांवर पाणी मारू नका.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, कधी तासभर, कधी रात्रभर. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने या किनाऱ्यावर काय केले ते सगळ्यांना आठवत असेल. म्हणून गॅसची शेगडी काढून टाकायचा विचारही आम्ही केला नाही. अर्धवट शिजलेले चिकन आत असताना वीज गेली, तर येईल म्हणून वाट पाहत बसू नये, ते लगेच कढईत काढून गॅसवर पूर्ण शिजवावे.

या रमजानमध्ये अम्मींनी पहिल्याच दिवशी खुर्ची ओट्याजवळ ओढून घेतली. समोसे वळायला त्या बसल्या, नातू ब्रशने तेल लावायला. काचेतून आत डोकावत त्या दर पाच मिनिटांनी म्हणत, “उलट आता, उलट.” मगरिबची अजान झाली. खजूर झाला, पाणी झाले, आणि मग त्यांनी ताटातला एक समोसा उचलला, सगळ्यांच्याच ताटातला, वेगळा नव्हे. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, “मीठ कमी आहे.”

मीठही डॉक्टरांनीच कमी सांगितले आहे. पण त्या दिवशी ते त्यांना सांगायचे आमच्या जिवावर आले. दुसऱ्या समोशाकडे हात गेला तेव्हा मात्र नातवाने ताट हळूच पलीकडे सरकवले आणि म्हणाला, “दादी, उद्या.” त्या हसल्या आणि आमच्यासोबतच दस्तरखानवर बसून राहिल्या.